बारा पाउंड धीर

गेल्या जूनमध्ये माझ्या गॅरेजात सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड फुकटात तयार झाला आणि तो सगळा मी हवेत जाऊ दिला. पुढे त्यातल्या शंभरेक ग्रॅमसाठी मी वीस मैल गाडी हाकत गेलो आणि पैसे मोजून तो विकत आणला. घरी बिअर करण्याचा छंद कसा असतो, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. हे ऐकून ज्यांना हसू येतं त्यांना धोका नाही. ‘पण तो वायू साठवता आला नसता का?’ असं ज्यांच्या मनात येतं, त्यांचं मात्र कठीण आहे. माझं असंच सुरू झालं होतं. (येतो साठवता. त्यासाठी एक वेगळा व्हॉल्व्ह मिळतो. तो मी अजून घेतलेला नाही, असं मी बायकोला सांगितलं आहे.)

हिशेब सरळ आहे. मॉल्टच्या गोड पाण्यात यीस्ट सोडलं की ते साखर खात सुटतं. खाल्लेल्या साखरेतून साधारण निम्मा अल्कोहोल होतो आणि निम्मा वायू. माझा एक घाणा १९ लिटरचा. बादलीच्या झाकणावर पाणी भरलेली एक छोटी नळी असते, तिच्यातून तो वायू दहा दिवस ‘बुडुक, बुडुक’ करत निघून जातो. हा आवाज कानाला फार गोड लागतो. मी खुर्ची टाकून ऐकत बसतो. दहा दिवसांनी आवाज थांबतो आणि बादलीत उरते बिअर. रंग बिअरचा, वास बिअरचा, जोरही बिअरचा. पण तोंडात घेतली की काल रात्री उघडी राहिलेली. फेस नाही, बुडबुडा नाही. आता हिच्यात वायू पुन्हा भरायचा.

हे मी आईला समजावून सांगितलं. आई तेव्हा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे ताक घुसळून लोणी काढायचं, कावळ्यांना घालायचं, आणि मग विकतचं लोणी आणून ताकात कालवायचं.”

मी म्हणालो, “तसंच काहीसं.”

“बरं,” आई म्हणाली, आणि भाजी निवडायला लागली.

आईचं आणि माझ्या बिअरचं नातं नाजूक होतं. तिने तो शब्द सहा महिन्यांत एकदाही उच्चारला नाही. ‘ते तुझं’ असा उल्लेख व्हायचा. ‘ते तुझं उतू जातंय.’ मावशीशी फोनवर बोलताना मात्र “तो गॅरेजमध्ये सरबतं करतो” असं मी माझ्या कानांनी ऐकलं. पण आंबवणं या विषयात ती आयुष्यभर इडलीच्या पिठाशी झुंजलेली बाई. बादलीपाशी येऊन ती नाकाने पाहणी करून जायची. या वेळचा घाणा बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा होता. त्यात धणे आणि संत्र्याची साल पडते. धणे तिनेच आणलेले होते, आणि ते ‘त्यात’ गेल्याचं कळल्यावर ती एवढंच म्हणाली, “भाजून तरी घ्यायचेस.”

तर वायू भरणं. जुनी पद्धत बाटल्यांची. बाटलीत भरताना बिअरमध्ये मोजून थोडी साखर घालायची, १९ लिटरला सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर, आणि बूच लावून टाकायचं. शिल्लक यीस्ट ती साखर खाऊन आतल्या आत वायू करतं. दोन वर्षं मी तेच केलं. त्यात पन्नासेक बाटल्या धुवाव्या लागतात, हा एक भाग. दुसरा भाग असा की साखर जरा सढळ हाताने पडली किंवा बिअर अर्धवट आंबलेली असताना भरली, तर बाटल्या फुटतात. एका ऑगस्टमध्ये आमच्या जिन्याखालच्या कपाटात रात्री दोनला तीन बाटल्या पाठोपाठ फुटल्या. बायकोने पोलिसांना फोन लावायला घेतला होता. मी तिला थांबवलं, आणि पोलिसांना सांगण्यापेक्षा तिला खरं सांगणं जास्त अवघड असतं हे त्या रात्री मला समजलं.

म्हणून केग घेतला. हा केग म्हणजे स्टीलचा उभट डबा, पाच गॅलनचा, दोन्ही टोकांना काळं रबर. हा मुळात बिअरचा नव्हेच. अमेरिकेत हॉटेलांमध्ये कोला वगैरेंचं सिरप या डब्यांतून यायचं. पेप्सीच्या डब्यांची तोंडं एका प्रकारची, कोका-कोलाच्या डब्यांची दुसऱ्या. एकाची नळी दुसऱ्याला बसत नाही. पुढे सिरप खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून यायला लागलं आणि हे डबे बेकार झाले. ते घरगुती बिअरवाल्यांनी उचलले. म्हणजे या छंदाचा पाया जुन्या बाजारावर उभा आहे, आणि मराठी माणसाला त्यात एकदम घरच्यासारखं वाटतं. माझा केगही जुनाच, पेप्सीचा. झाकण उघडलं की आतून अजून गोड सिरपचा वास यायचा. हा वास लक्षात ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, पण बिअर राहूनच गेली. ती १९७८ मध्ये जिमी कार्टर यांच्या सहीने सुटली. त्यांच्या भावाने त्याआधीच्या वर्षी ‘बिली बिअर’ नावाची स्वतःची बिअर बाजारात आणली होती, त्यामुळे घरात विषय निघत असणारच. एका घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी मात्र २०१३ पर्यंत वाट पाहिली. हाच उद्योग मी मिरजेत केला असता तर १९४९च्या दारूबंदी कायद्याने मला आत घातलं असतं आणि आईने जामीन दिला नसता.

केगचं तत्त्व मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये सांगून ठेवलं आहे: द्रवावर वायूचा दाब जितका जास्त, तितका वायू त्यात विरघळणार. आणि द्रव जितका थंड, तितका अधिक विरघळणार. त्यामुळे केग फ्रिजमध्ये ठेवायचा, तीन-चार अंशांवर. वायूच्या सिलिंडरला रेग्युलेटर लावायचा, त्यावर १२ पीएसआय दाब लावायचा, म्हणजे चौरस इंचाला बारा पाउंड, आणि नळी केगला जोडायची. एवढ्यावर एका लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू मावतो. अख्ख्या केगमधला सगळा वायू तोलला तर शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. आपण बिअरमध्ये ज्याला मजा म्हणतो तिचं वजन एका बटाट्याएवढं.

आईने विचारलं, “बारा म्हणजे किती?”

मी म्हणालो, “कुकरच्या शिट्टीला चौदाच्या आसपास लागतात.”

“मग याची शिट्टी कधी व्हायची?”

इथेच खरी मेख आहे. याची शिट्टी होत नाही. बारा पाउंडांवर वायू हळूहळू, आपल्या मर्जीने, वरच्या पृष्ठभागातून खाली मुरत जातो, आणि त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात माणसाने करायचं काम एकही नाही. बाकी सगळा छंद हाताला काम देतो: दळा, उकळा, गाळा, धुवा, पुन्हा धुवा. शेवटचे दोन आठवडे मात्र नुसता फ्रिजचा दरवाजा असतो आणि आपण असतो. लोणचं मुरायला ठेवून रोज बरणी हलवता तरी येते.

या पद्धतीला जाणकार ‘लावा आणि विसरा’ म्हणतात. आमच्याकडे ४ जुलैच्या सुट्टीला मित्रमंडळी जेवायला येणार होती. मी १८ जूनला केग लावला. सोळा दिवस, म्हणजे दोन दिवस शिल्लकच. लावलं, आणि विसरलो. सूचनेचा दुसरा भाग मी फारच मनापासून पाळला.

१ जुलैला चाखायला म्हणून नळ उघडला. थेंबभर आलं आणि थांबलं. ग्लासात बिअर होती, पण मेलेली, तळ्याच्या पाण्यासारखी स्वस्थ. सिलिंडरचा काटा शून्यावर. रेग्युलेटर हलवला, सिलिंडर हलवला, काट्यावर टिचकी मारली. भारतीय माणूस कुठल्याही यंत्राला आधी टिचकीच मारतो.

या काट्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याने माझा विश्वासघात केला आहे. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. जोवर आत चमचाभर द्रव आहे तोवर काटा आहे तिथेच राहतो, खोलीच्या उष्णतेला आठशेच्या वर. सिलिंडर भरलेला असो की तळाला गेलेला, काटा तोच. द्रव संपला की तो पडायला लागतो आणि मग फार वेळ लावत नाही. म्हणजे हा काटा ‘संपलं’ एवढंच सांगतो, ‘संपत आलंय’ कधीच नाही. किती शिल्लक आहे ते कळायला सिलिंडर काट्यावर नाही, वजनकाट्यावर ठेवावा लागतो. मिरजेत आमचा स्वयंपाकाचा गॅस पाहुणे ताटावर बसल्यावरच जायचा, त्या जातीचा हा प्रकार.

पाच पाउंडांचा सिलिंडर, सहज आठ-दहा केगना पुरावा असा, एका केगला न भरता संपला होता. गळती. मी तडक वीस मैलांवरच्या वेल्डिंगच्या गॅसवाल्याकडे जाऊन भरलेला सिलिंडर घेऊन आलो, जोडला, आणि इंटरनेटवर गळतीची कारणं वाचत बसलो. सतरा निघाली. अकराव्या कारणाशी असताना आई भांडी घासायच्या साबणाचा फेस वाटीत घेऊन गॅरेजात आली.

“हे लावून बघितलंस का?”

गॅसची नवी टाकी आली की आई हेच करायची. टाकी आणणारा माणूस दारात उभा, आई बोटाने फेस लावते आहे, बुडबुडा येत नाही तोवर त्याची सुटका नाही. तिने नळीच्या सांध्यांना फेस लावला, काही नाही. दोन्ही तोंडांना लावला, काही नाही. मग झाकणाच्या कडेने बोट फिरवलं, आणि एका जागी बारीक बारीक बुडबुड्यांचा असा सुंदर गजरा उठला की माझ्या बिअरला तसा तोवर एकदाही आला नव्हता.

“वायसर गेलाय,” आई म्हणाली.

जुना केग आणला की त्याचे पाचही रबरी वायसर बदलावेत, हा या छंदातला पहिला नियम. मी चार बदलले होते. पाचवा झाकणाचा, तो सगळ्यांत मोठा, आणि दिसायला अगदी धडधाकट होता. ‘चांगला आहे की!’ म्हणून मी तो ठेवला. सिरपचा तो वास त्यालाच येत होता. हा वायसर दोन डॉलरला मिळतो. माझ्या ‘चांगला आहे की’ची किंमत अख्खा सिलिंडर, चाळीस मैलांचं पेट्रोल आणि तेरा दिवस.

नवा वायसर बसला २ जुलैच्या सकाळी. पार्टी ४ तारखेला संध्याकाळी. चौदा दिवसांचं काम अडीच दिवसांत करायचं होतं. माझे तीन मित्र या विषयात सल्ला देतात. तिघेही सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे उशिरा चाललेलं काम वेळेत कसं दाखवायचं याचा त्यांना अनुभव. पहिला म्हणाला, दाब ३० वर ने, दीड दिवस ठेव, मग बारावर आण. दुसरा म्हणाला, ३० वर ने आणि केग हलव. हलवल्याने वायूला मुरायला जागा मिळते, दहा मिनिटांत काम. तिसरा म्हणाला, दुकानातून दोन खोकी आणून ठेव. तिसऱ्याचं ऐकायला हवं होतं.

३० पीएसआय म्हणजे गाडीच्या टायरमध्ये असतो जवळजवळ तेवढा दाब. केग कितीतरी जास्त सोसतो, प्रश्न त्याचा नव्हता. मी गॅरेजात मांडी घातली, केग आडवा मांडीवर घेतला आणि बाळाला झोपवावं तसा हलवायला लागलो. रेग्युलेटरमधून वायू ‘सूं सूं’ करत आत जाताना ऐकू यायला लागला. नुसत्या वाट बघण्यानंतर हा आवाज म्हणजे नुसती चंगळ.

आई दारात येऊन बघत राहिली. मग म्हणाली, “स्टँडवरचा गोटी सोडावाला असंच करायचा.”

खरंच की. लहानपणी तासन्‌तास बघितलेलं होतं ते. लोखंडी चौकटीत दोन-तीन बाटल्या अडकवलेल्या, बाजूला वायूची टाकी, आणि तो माणूस दांडा धरून चौकट गरागरा फिरवतोय. हाताला गोणपाट गुंडाळलेलं, कारण बाटली कधी फुटेल सांगता येत नाही. बाटली थांबली की आतल्या दाबानेच काचेची गोटी वर जाऊन तोंडाला घट्ट बसायची. ही बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७०च्या दशकात काढली. पाण्यात हा वायू मुरवण्याची मूळ युक्तीसुद्धा बिअरच्याच शेजारात सापडली. जोसेफ प्रीस्टली नावाचा धर्मोपदेशक १७६७ मध्ये लीड्सला राहायला आला, तो नेमका बिअरच्या कारखान्याला लागून. आंबणाऱ्या पिंपांवर वायूचा थर साचलेला असतो, हे बघून तो त्या थरात एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतत बसायचा. पाण्याला चुरचुरीत चव आली. पुढे जिनिव्हाच्या श्वेप यांनी त्याचा धंदा केला. प्रीस्टलीने पैसा केला नाही. छंदिष्टच असणार.

एवढा सगळा इतिहास मांडीवर घेऊन मी दहा मिनिटं केग हलवला. मग वाटलं, आणखी दहा हलवावा. मग पहिल्या मित्राचाही मान राखावा म्हणून ३० वरच फ्रिजमध्ये ठेवला. दाब खाली आणायचा तो तीन तारखेच्या सकाळी. तो मी आणला नाही, कारण बायको आणेल असं मला वाटलं. बायकोला का वाटावं की तिने आणावा, याचं उत्तर माझ्याकडे त्या दिवशीही नव्हतं.

४ जुलै. अंगणात चौदा माणसं, उन्हाळा ऐन भरात, शेगडीवर पनीर आणि कोंबडी. मी भाषण केलं. कार्टर, हेन्री, प्रीस्टली, सगळे आले. मग नळ उघडला.

नळातून बिअर आली नाही. शेव्हिंग क्रीम आलं. पांढरं, दाट, आवाज करत. ग्लास भरला, तळाशी बोटभर पिवळं आणि वर वीतभर पांढरं. दुसरा ग्लास, तेच. मोठा जग लावला. जग भरून फेस. शेवटी वरणाचं पातेलं आणलं. दोन घाण्यांत एकेक केलं तरी चाललं असतं, मी दोन्ही उपाय एकाच घाण्यावर लावले होते. मुळात वायू जास्त झाला, त्यात नळी आखूड आणि उन्हाने तापलेली. फेस बसायची वाट बघत चौदा माणसं पातेल्याभोवती उभी, सत्यनारायणाच्या प्रसादासाठी उभी राहावीत तशी. ज्या मित्राने हलवायला सांगितलं होतं तो म्हणाला, “हे पिऊ की दाढीला लावू?” जो तिसरा, तो गाडीच्या डिकीतून दोन खोकी काढत होता. येतानाच घेऊन आला होता.

माणसं गेल्यावर मी केगची वायूची नळी काढली. झाकणावरची कडी ओढून जादा वायू सोडला, तासाने पुन्हा सोडला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दाब बारावर लावला आणि फ्रिजचा दरवाजा बंद केला. या वेळी विसरलो नाही. रोज येताजाता झाकणाला साबण लावत होतो. पण हात लावला नाही.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी रात्री, जेवणं झाल्यावर, सहज म्हणून अर्धा ग्लास काढला. वर दोन बोटं फेस, खाली ढगाळ पिवळी बिअर, आणि तळातून एकामागोमाग एक वर येणारे बारीक बुडबुडे. संत्र्याचा वास आधी, धणे नंतर. बायको चाखून म्हणाली, “ही चांगली झालीय. लोकांना ही का नाही दिलीस?” केगमधला शेवटचा ग्लास सगळ्यांत चांगला असतो, असं इथले जुने लोक म्हणतात. तो प्यायला त्या वेळी कोणी नसतं, हे ते सांगत नाहीत. आम्ही दोघांनी तो केग ऑगस्टपर्यंत पुरवला.

रिकामा झाला त्या दिवशी आईने तो माझ्याकडून तीनदा धुऊन घेतला, वास घेतला, वायसरवरून बोट फिरवलं, आणि मिरजेहून आणलेल्या आगळाचं दोन गॅलन कोकम सरबत करून त्यात ओतलं. जिरं, सैंधव, साखर. सोड्याला वायू बिअरपेक्षा पुष्कळ जास्त लागतो, त्यामुळे माझे ३० पीएसआय शेवटी कुठेतरी बरोबर ठरले. पेप्सीचा डबा अखेर सरबताकडे परत गेला, आणि मावशीला फोनवर सांगितलेलं पूर्वलक्षी प्रभावाने खरं झालं. आई ऑक्टोबरमध्ये परत गेली, पण कोकम अजून आहे आणि केग एकच आहे.

तेव्हा आमच्याकडे कधीही या, कोकम तयार असतं. बिअर हवी असेल तर मात्र तीन आठवडे आधी कळवा.